लावऱ्या दिवेलागणीला येतात

आधी तो चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या सोसायटीतल्या एका बाईंच्या नाकातून चहा आला, आणि वर त्या मलाच म्हणतात, "अहो, तुम्ही शिकलेल्या ना?"

शिकलेली आहे की! बी.कॉम. आहे मी. पण त्या दिवशी डोक्यात बी.कॉम. नव्हतंच. डोक्यात होता माझ्या माहेरचा माण तालुका. आणि माणूस एकदा "आमच्याकडं असंच असतं" म्हणायला लागला ना, की समजायचं, हा आता तोंडावर पडणार.

माझं माहेर दहिवडीच्या अलीकडं, एका वस्तीवर. आम्ही राहतो सांगलीत. आमचे हे मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, पण माझ्या माहेरी त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात. तुम्हाला वाटेल, ते दुरुस्त करत असतील. दुरुस्तीचं नाव नको! "लोकांचं प्रेम हाय, तोडू नये," म्हणतात आणि मिशीवरून हात फिरवतात.

तर माहेरी माझा धाकटा भाऊ बाळू, त्याची बायको, आणि त्यांची एकुलती एक रुतू. अकरावीला. या रुतूनं गेल्या वर्षी लावऱ्या पाळायचं खूळ घेतलं. रानातल्या नव्हे हं! रानातल्या धरायच्या नसतात. ह्या जपानी जातीच्या, पाळायच्याच. मुठीत मावतील एवढ्या, अंगभर ठिपके, मान नाही, शेपटी नाही. बटाट्याला चोच लावली की झाली लावरी.

पोरगी शिकाऊ, पण जिद्दीची. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून अंडी उबवायला ठेवली. पहिल्या खेपेला बल्ब मोठा लागला, अंडी उकडली. दुसऱ्या खेपेला लाइट गेली. तिसऱ्या खेपेला मात्र नऊ पिल्लं निघाली. तिनं त्यांची चहाबरोबरच्या खाऊवरून नावं ठेवली. खारी, बुंदी, नानकटाई वगैरे आठ माद्या, आणि एक नर. त्याचं नाव टोस्ट. हा टोस्ट छाती काढून ओरडायचा, म्हणजे थंडीत चालू न होणाऱ्या स्कूटरला कुणी किक मारतंय असं वाटायचं. क्र्ररर! क्र्ररर!

घराच्या मागं, कडब्याच्या ढिगाला लागून, तिनं जुन्या खिडक्या आणि जाळी जोडून पाखरांचं घर बांधलं. माणूस उभा राहील एवढं. आत वाळू, राख, लपायला गवत.

बाळूला मात्र हे पटलेलं नव्हतं. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलेलं, "ही शेवटची खेप. ह्या गेल्या तर पिंजऱ्यात शेळीची करडं बांधीन, आन् तू गप बारावीचा अभ्यास करायचा."

हे लक्षात ठेवा. कारण मी विसरले होते.

झालं काय, वहिनीच्या भावाचं लग्न निघालं मुंबईला. चार दिवस घर बंद. शेळ्या शेजारच्या हौसाकाकी बघणार होत्या, पण लावऱ्यांचं काय? रुतू म्हणाली, "मी न्हाई जात लग्नाला." मामाचं लग्न आणि भाची नाही म्हणजे काय! घरात रडारड. मी फोनवर ऐकलं आणि म्हटलं, "आत्या कशाला हाय? आम्ही दोघं येतो."

रुतूनं फोन घाईनं आईच्या हातात दिला. मला वाटलं, गहिवरली पोरगी. आता कळतंय, घाबरली होती.

गेल्यावर तिनं मला जाळीपाशी उभं करून शिकवायला सुरुवात केली.

"आत्या, दोन दारं हायत. बाहेरचं लावल्याबिगर आतलं उघडायचं न्हाई."

"बरं."

"मोठा आवाज नको. दचकल्या की सरळ वर उडतात, डोकं आपटतं. म्हणून तर वर मऊ जाळी लावलीया."

"बरं गं."

"संध्याकाळी अंडी उचलायची. ह्या स्वतः अंड्यांवर बसत न्हाईत. कुठं पण टाकतात आन् विसरतात."

"आया हायत का कोण!"

"आन् खायला घालायच्या आधी हा डबा वाजवायचा. असा." बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात बाजरी-नाचणीचा भरडा. खुळुक, खुळुक! त्याबरोबर गवतातनं नऊ बटाटे तुरुतुरु पळत आले.

मला हसूच आलं. "पाखरांना जेवणाची घंटा? बोर्डिंग हाय का गं हे?"

"आत्या, प्लीज, ऐक की."

"रुतू, तुझा बाप शेंबडा होता तवापासनं मी कोंबड्या सांभाळल्यात. मला शिकवतीस व्हय?"

जीपमध्ये बसताना तिनं पाखरांकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि पुन्हा पाखरांकडं बघितलं. शेवटचं बघावं तसं.

पहिला दिवस मस्त गेला. आमच्या ह्यांनी सकाळी जाळीपुढं उभं राहून गिनती घेतली. "नौ में से नौ हाजिर!" संध्याकाळी मी अंडी गोळा केली, ठिपक्यांची, बोराएवढी. रुतूचा फोन आला. म्हटलं, "अगदी मजेत हायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात बसले होते. हौसाकाकींच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, मातीत लोळत होत्या, एकमेकींच्या कागाळ्या करत होत्या. सगळा मोकळा कारभार. आणि इकडं जाळीत आमची खारी, बुंदी, नानकटाई. मला गलबलून आलं हो! म्हटलं, ह्या काय गुन्हेगार आहेत का? सांगलीत मी फ्लॅटमध्ये कोंडलेली, इथं ह्या.

"मी ह्यांना जरा मोकळ्या सोडते," मी आमच्या ह्यांना म्हटलं.

"परमिशन?"

"माझं माहेर हाय हे!"

"अगं, पण परत कशा येणार?"

"कोंबड्या कशा येतात? सकाळी सोडायच्या, दिवेलागणीला आपोआप डालग्याच्या टोपलीखाली येतात. पाखराची जातच तशी असती."

"पण ह्या जपानी हायत."

"मग? जपानात दिवे लागत न्हाईत?"

ह्यांनी दोन्ही हात वर केले. तुमच्याकडं याचं उत्तर असेल तर आता सांगून उपयोग नाही.

मी दोन्ही दारं उघडली. आधी कुणी बाहेरच येईना. मग टोस्ट आला. मग बायका आल्या, एकामागोमाग एक, पोटं हलवत, जेवणानंतर शतपावली करावी तशा. उन्हात बसल्या. मातीत लोळल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, रुतूला आल्यावर सांगायचं, बघ, तुझ्या मोबाइलवरच्या माहितीपेक्षा आत्याची माया मोठी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी मारून मोकळा झाला.

डाळ मीच लावली होती. खिडकी मीच उघडी ठेवली होती. नऊच्या नऊ बटाटे जागच्या जागी सरळ वर उडाले, भुर्रर्र! आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगण रिकामं. एक पीस तेवढं खाली तरंगत आलं.

"नौ में से शून्य," आमचे हे म्हणाले.

"गप्प बसा. दिवेलागणीला येतील आपोआप."

दिवेलागण झाली. हौसाकाकींच्या कोंबड्या एकेक करत आल्या, डालग्याखाली गेल्या, काकींनी वर दगड ठेवला. मी जाळीचं दार उघडून उभी. "तीऽ तीऽ तीऽ!" करून घसा बसला.

हौसाकाकी कमरेवर हात ठेवून आल्या. "कुनाची वाट बगतीस गं?"

"लावऱ्यांची. सोडल्या होत्या."

"आन् त्या येनार म्हनून कुनी सांगितलं तुला?"

"कोंबड्या येतात की, काकी!"

"अगं, कोंबडीला डालगं तिच्या आईनं दावल्यालं असतं. ह्यांची आई कोन? बलप!"

रात्रीचा कोल्हा, मांजर, घार... घार रात्री नसते, पण भीतीला कुठं घड्याळ असतं? आणि बाळूची करडं डोळ्यांसमोर उड्या मारायला लागली. मी काकींना शपथ घातली, "कुणाला बोलू नका हं."

"म्या? मला काय करायचंय बोलून?"

त्यांच्या तोंडावरची तयारी बघूनच मी ओळखायला हवं होतं.

त्यात रुतूचा व्हिडिओ कॉल! मागं सनई वाजतेय, पोरगी नटलेली. "आत्या, दाखव की टोस्टला."

"अगं, रेंजच न्हाई इथं! काय दिसत न्हाई, काय ऐकू येत न्हाई!"

मला ती स्पष्ट दिसत होती. तिला मी स्पष्ट दिसत होते. ती म्हणाली, "आत्या, तू घामाघूम का झालीयास?" मी फोन कट केला.

मग आमच्या ह्यांनी "मैंने पहले ही बोला था" हे वाक्य टाकलं आणि आमचं भांडण झालं. बोलणं बंद.

सकाळी उठले तर हे गायब. म्हटलं, गेले असतील फिरायला फुगून. मला एकटीला एक कल्पना सुचली. मोबाइलवर लावरीच्या नराचा आवाज शोधला. आवाज ऐकला की माद्या येतील, नाहीतर टोस्ट तरी चिडून उत्तर देईल! घरासमोर शेजारच्या बिरूनानांची ज्वारी, डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली. मी पदर खोचला, आत शिरले, आणि मोबाइल वाजवला.

क्र्ररर!

आणि काय सांगावं! समोरून, पंचवीस-तीस ताटांपलीकडून उत्तर आलं. क्र्ररर!

टोस्ट! माझा टोस्ट! मी खाली बसले. गुडघ्यांवर पुढं सरकले. पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर, आणि जवळून! म्हणजे तोही माझ्याकडं येत होता. बिचारा, रात्रभर आत्याला शोधत असणार. मी रांगायला लागले. ज्वारीची पानं कानाला कापत होती, ढेकळं टोचत होती. पण प्रेम म्हणजे प्रेम. शेवटी आवाज अगदी दोन हातांवर आला. मी श्वास रोखला, पदर पसरला, आणि घातली झडप.

हातात मिशी आली.

"अगं ए! सोड! सोड!"

आमचे हे! पोटावर पालथे, मिलिटरीत शिकवतात तसे कोपरावर सरपटत आलेले, आणि हातात मोबाइल. क्र्ररर! त्यांनाही तीच कल्पना सुचली होती. मी त्यांना टोस्ट समजून पुढं सरकत होते, ते मला टोस्ट समजून पुढं सरकत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एकमेकांकडं इतक्या ओढीनं आम्ही कधी गेलो नव्हतो!

बाहेर आलो. माझ्या केसांत ज्वारीचा पाला, ह्यांच्या शर्टाची दोन बटणं गेलेली. बांधावर बिरूनाना काठीला टेकून उभे. मेंढरं उभी. कुत्रं उभं.

नानांनी आम्हाला वरून खालपर्यंत बघितलं. "मेजर," ते म्हणाले, "घर हाय की रं एवढं मोठं."

"नाना, आम्ही लावरी शोधत होतो!" मी ओरडले.

"व्हय व्हय. आमच्या टायमाला आमी शेरडू शोधायचो."

मी काही बोलणार, एवढ्यात देवळावरचा भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो. समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, आपले मेजरसाहेब यांची जपानी पाखरं काल सुटलेली हायत. दिसल्यास बाळूच्या वस्तीवर आणून द्यावी. आणणाऱ्यास चहा मिळेल. हॅलो."

हौसाकाकी कुणाला बोलल्या नव्हत्या. फक्त भोंग्याला बोलल्या होत्या. चहाचं कलम त्यांनी स्वतःच्या मनानं घातलं होतं.

आता बघा हं गंमत. 'मेजर' आणि 'जपानी' हे दोन शब्द एका वाक्यात आले की वस्तीवर काय होतं? अर्ध्या तासात बातमी फिरली की मिलिटरीची पाखरं सुटली. एक म्हातारे फाटकाबाहेरूनच ओरडले, "चावत न्हाईत न्हवं?" एका बाईनं पोरं घरात कोंडली. दूधवाल्यानं ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मेजर, डोळ्यांत क्यामेरा हाय म्हणं त्यांच्या. खरं का?"

आमच्या ह्यांनी काय सांगावं? "न्हाई रं बाबा, मेहुण्याच्या पोरीच्या साध्या लावऱ्या हायत," असं? छे! ह्यांनी मिशीवरून हात फिरवला, आभाळाकडं बघितलं, आणि म्हणाले, "ते मला सांगता येत न्हाई."

झालं! मग काय, सगळा गाव देशसेवेला बाहेर पडला.

मी घरामागं चूल मांडली, कडब्याच्या ढिगावर बसले, आणि चहा गाळायला लागले. एकेक जण पाखरू घेऊन येत होता. एकानं कबुतर आणलं. एक बाई बाजारातलं हिरव्या रंगात बुडवलेलं कोंबडीचं पिल्लू घेऊन आली, "हिरवं हाय, म्हंजी मिलिट्रीचंच." बिरूनानांनी घोंगड्यातून हे एवढं पाखरू काढलं.

"घ्या तुमची लावरी."

"नाना, हे तितर हाय!"

"तितर? म्या जल्मभर रानात ऱ्हायलो. लावरीच हाय ही."

"आवं, पण केवढं हाय ते!"

"फॉरेनचं हाय. अंगानं जास्तच भरणार." नानांनी पाखरू जाळीत सोडलं आणि साखर जास्त घालायला सांगितली.

त्यांच्यासमोर वाद घालायचा तर चहा नाही म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

मग दोघे भाऊ जाळं घेऊन आले, आणि त्यांच्याकडं मात्र खरोखर लावऱ्या होत्या! पाच! तसेच ठिपके, तसाच बटाटा. मी आनंदानं त्यांना दोन-दोन कप चहा दिला. म्हटलं, पाच आल्या, चार राहिल्या. तेवढ्यात पुन्हा, क्र्ररर!

"अहो, आता तरी तो मोबाइल बंद करा!"

"बंदच हाय."

"खोटं बोलू नका. मला ऐकू आलं."

"अगं, चार्जिंगला लावलाय घरात."

"मग काय माझ्या पोटातनं आवाज आला?"

क्र्ररर!

"बघा, पुन्हा वाजवलात!" असं म्हणून मी रागानं दुसऱ्या अंगाला वळून बसले.

तुम्ही हसताय. हसा. तुम्हाला सगळं दिसतंय. मी चहाच्या धुरात होते.

तेवढ्यात शाळेचे मास्तर आले. ते पाखरू न आणता आले, तरी चहा घेतला. जाळीत डोकावून म्हणाले, "ताई, ह्या पाचपैकी तुमच्या कोणत्या आणि रानातल्या कोणत्या? कारण रानातली लावरी, तितर पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. वनखात्याला कळलं तर अवघड."

मेजरांचा एकदम शिपाई झाला. "सोड! सगळं सोड! आत्ताच्या आत्ता!"

"आणि त्यात रुतूची बुंदी असली तर?"

"मग ठेव."

"आणि नसली तर?"

"मग सोड!"

मी जाळीत गेले. एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. "बुंदी? तू बुंदी आहेस का गं?" त्या पाचही जणी माझ्याकडं अशा बघत होत्या की मीच वनखात्याची आहे. तितर कबुतराला चोच मारत होतं. हिरवं पिल्लू माझ्या पायावर येऊन झोपलं. ठेवावं तर गुन्हा, सोडावं तर पोरीची पाखरं गेली. मी आत उभी, दोन्ही हातांत एकेक लावरी, आणि त्याच वेळी फाटकात जीप वाजली.

लग्न आटोपल्या आटोपल्या रुतूनं सगळ्यांना निघायला लावलं होतं. 'रेंज नाही' हे मी इतक्या स्पष्ट आवाजात सांगितलं होतं की पोरीला रात्रभर झोप नव्हती.

बाळू मागं आला. त्यानं अंगणातली पंचवीस माणसं बघितली. कप बघितले. मग जाळीतलं कबुतर, तितर, हिरवं पिल्लू आणि मी, असं सगळं क्रमानं बघितलं.

"ताई, हे काय हाय?"

"पाहुणे," मी म्हटलं.

रुतू जाळीपाशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. तिनं फक्त बघितलं. एका नजरेत कळलं तिला.

"आत्या, ह्यातलं एक पण माझं न्हाई."

"रुतू, मी फक्त जरा..."

"टोस्ट पण न्हाई?"

तिच्या हातावर मेंदी तशीच होती, आणि त्या हातांनी तिनं जाळी धरली होती. तिकडं बाळू जाळीघराची लांबी पावलांनी मोजायला लागला. करडांसाठी! मला वाटलं, ह्या धरणीनं मला पोटात घ्यावं, नाहीतर निदान तितरानं चोच मारून संपवावं. मी बाहेर आले आणि कडब्यावर मटकन बसले. तोंडात पदर घातला.

रुतूनं डोळे पुसले. स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. बिस्किटाचा डबा उचलला. तो डबा दोन दिवस तिथंच होता हो! माझ्या नाकासमोर! मी त्याच्या शेजारून चहापत्ती घेत होते!

खुळुक, खुळुक.

काही नाही. बिरूनानांनी कुत्र्याचं तोंड धरलं.

खुळुक, खुळुक, खुळुक.

क्र्ररर!

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज माझ्यातनं आला होता.

"आत्या," रुतू हळूच म्हणाली, "ऊठ."

मी उठले. जिथं बसले होते तिथल्या पेंढ्या हलल्या. आधी छाती काढून टोस्ट बाहेर आला. मग खारी. मग बुंदी. मग नानकटाई, आणि मागोमाग बाकीच्या बायका, अंगावरचा कचरा झाडत, तुरुतुरु, डब्याकडं. नौ में से नौ! कुकरची शिट्टी ऐकून त्या उडाल्या होत्या जेमतेम घराच्या भिंतीएवढ्या, आणि पडल्या होत्या शेजारच्या कडब्यात. आम्ही ज्वारी तुडवली, गाव उठवला, देशाची सुरक्षा धोक्यात आणली, आणि ह्या सगळा वेळ माझ्या बुडाखाली होत्या.

रुतू त्यांच्यात मांडी घालून बसली, हसतेय आणि रडतेय. मीही रडले. आमच्या ह्यांनी उगाचच सॅल्यूट ठोकला.

मग वहिनीनं पेंढी बाजूला केली, तर माझ्या बसण्याच्या जागेखाली, बरोबर मधोमध, ठिपक्यांची अंडी. चांगली ओंजळभर. आणि कोमट!

रुतू म्हणाली, "आत्या, तुला सांगितलं हुतं न्हवं, लावऱ्या अंड्यांवर बसत न्हाईत म्हणून? तू बसलीस?"

हौसाकाकींना तेवढंच पाहिजे होतं. "तरी म्हनलं, सकाळपासनं ही जागची हलंना का! खुडूक कोंबडी झालीया बाई!"

मी 'लय शिकलेली', बी.कॉम. झालेली, माझ्या माहेरी आता 'खुडूक आत्या' म्हणून ओळखली जाते. लग्नपत्रिकेवर छापायचं तेवढं राहिलंय.

संध्याकाळच्या आत रुतूनं रानातल्या पाचही लावऱ्या आणि तितर ज्वारीत सोडून दिलं. बिरूनाना शेवटपर्यंत सांगत होते, "चूक करतीयास पोरी, फॉरेनचं जातंय." कबुतर मालकाकडं गेलं. हिरवं पिल्लू बाईनं पदरात नेलं. आणि बाळूनं सगळ्यांसमोर निकाल दिला, "पिंजरा मोडायचा न्हाई. पाखरं ऱ्हाऊ द्या. पण ताई आली की तिला आत ठिवायचं. दोन दारं हायत, सुटायची न्हाई."

झालं ते झालं. सांगलीला आलो. मला वाटलं, विषय संपला.

परवाच्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या बिल्डिंगखाली बाकावर बसले होते. चार-पाच जणी, गप्पा रंगात आलेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचं प्रकरण अगदी ऐन मोक्यावर. मी म्हणत होते, "आणि मग ती सासूला काय म्हणाली माहितीय का..."

एवढ्यात आमच्या गॅलरीतून आवाज आला. आमच्या ह्यांनी काही हाक मारली नाही. नुसता बिस्किटाचा डबा हलवला.

खुळुक, खुळुक.

आणि खरं सांगते, वाक्य अर्धं तोंडात ठेवून मी उठले, पदर सावरला, आणि तुरुतुरु जिना चढायला लागले. दोन पायऱ्या चढल्यावर माझं मला कळलं. खाली बायका हसून लोळत होत्या, वर हे गॅलरीत उभे, मिशीवरून हात फिरवत.

आणि रस्त्यावरचे दिवे तेव्हाच लागत होते.